आमवाताच्या गोळ्या आणि खानदेशातलं ऊन: नव्याने उपचार सुरू झालेल्यांसाठी

आमवाताचं निदान झालं की हातात चार-पाच गोळ्यांची चिठ्ठी येते आणि जोडीला एक वाक्य येतं, "उन्हात फार जाऊ नका." जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला एवढ्या वाक्याने काहीच कळत नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. भर दुपारी घराबाहेर पडू नये हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. तरीही कापूस वेचायला जावं लागतं, केळीला पाणी द्यावं लागतं, लग्नं उन्हाळ्यातच असतात आणि पापड-कुरडया गच्चीवरच वाळतात. मग या गोळ्या घेणाऱ्याने नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी स्वतः आमवाताची रुग्ण आहे, डॉक्टर नाही. गोळी बदलणं, कमी करणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बाकीचं बरंचसं मात्र आपल्या हातात असतं.

सुरुवात इथून: झळ वेगळी, किरण वेगळे

आपल्याकडे ऊन लागणं म्हणजे झळ लागणं. कांदा खिशात ठेवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, पन्हं प्यायचं, हे सगळं उष्णतेसाठी. गोळ्यांमुळे जो त्रास होतो तो उष्णतेने होत नाही. तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे होतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. काही औषधं त्वचेत पोहोचल्यावर हे किरण शोषून घेतात आणि आजूबाजूच्या पेशींना इजा करतात. त्यामुळे इतरांना ज्या उन्हाने काहीच होत नाही, त्याच उन्हात आपली कातडी भाजल्यासारखी होते.

एवढं लक्षात घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. डिसेंबरच्या थंडीत अंगावर ऊन घेत बसणं सुखाचं वाटतं, पण किरण तेव्हाही असतात. पातळ ढगांमधून ते बऱ्यापैकी खाली येतात. खिडकीची साधी काच त्यांतल्या आखूड किरणांना अडवते, पण लांब किरणांना, म्हणजे ज्यांना यूव्ही-ए म्हणतात त्यांना, आत येऊ देते. औषधांमुळे होणारा त्रास बहुतेक वेळा याच यूव्ही-ए किरणांमुळे होतो. उलट दुपारी चार वाजता झळा अंग भाजून काढत असतात, पण किरणांचा जोर तोवर ओसरायला लागलेला असतो. झळेचा धोका त्या वेळीही असतोच. म्हणून दोन्हींचं भान वेगवेगळं ठेवावं लागतं.

गोळ्यांची यादी काढा

चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं आणि मलमांच्या ट्यूबा एकत्र घेऊन बसा. इतर आजारांची औषधंही त्यात धरा. कंपनीचं नाव नको, खाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वहीत लिहा. अक्षरं दिसत नसतील तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध. त्याने त्वचा उन्हाला हळवी होऊ शकते. शिवाय आधी उन्हाने भाजलेली जागा गोळी घेतल्यावर पुन्हा लाल होऊन फुलल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ऊन जोरात बाधलं असेल तर आठवड्याची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराभोवती गोल करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तो सांगून ठेवा. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.

सल्फासालाझिननेही उन्हाचा त्रास वाढतो. त्याने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने काहींना उन्हात पुरळ उठतं, काहींच्या नडगीवर किंवा हिरड्यांवर निळसर-करडे डाग येतात. मात्र ल्युपस नावाच्या आजारात, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, हेच औषध उन्हाचा त्रास कमी करतं, त्यामुळे शेजारणीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही. या औषधासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची असते. ती चुकवू नका.

वेदनाशामक गोळ्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. नेप्रोक्सेन आणि पिरॉक्सिकॅम या दोन्हींनी उन्हाचा त्रास होतो. नेप्रोक्सेनचा त्रास ओळखता येण्यासारखा असतो: हाताच्या पाठीवर बारीक फोड येतात आणि भांडं घासताना किरकोळ खरचटलं तरी कातडी सोलून निघते. बायकांना वाटतं साबणाने झालं. तसं दिसलं तर गोळीचं नाव आठवा.

गुडघ्याला, खांद्याला चोळायचं जेल हेसुद्धा औषधच आहे. किटोप्रोफेनच्या जेलबाबत युरोपच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये तपासणी करून बजावलं होतं की जेल लावलेली जागा वापर चालू असताना आणि थांबवल्यावरही २ आठवडे उन्हापासून झाकलेली ठेवावी. गुडघा लुगड्याखाली झाकलेला राहतो. मनगट आणि बोटं राहत नाहीत. जेल लावल्यावर हात धुवा. अर्थात दुखणारी बोटंच असतील तर हात धुऊन चालणार नाही. तिथे कोणतं जेल चालेल ते डॉक्टरांना विचारा.

आमवाताशी संबंध नसलेली औषधंही यादीत हवीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, तापा-खोकल्यात मिळणारं डॉक्सिसायक्लिन, जुलाबात मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन, ही सगळी उन्हाला हळवी करणारी आहेत. दोन-तीन एकत्र आली की धोका वाढतो. गावातल्या दवाखान्यात गेलात तर बसल्या बसल्याच सांगा, "मला मेथोट्रेक्सेट चालू आहे." काही अँटिबायोटिक, विशेषतः ट्रायमेथोप्रिम असलेली, त्याच्याबरोबर अजिबात चालत नाहीत.

आणखी एक. सांध्यांवर बिब्बा लावणं, डागांवर बावचीचं तेल चोळणं, चेहऱ्याला लिंबू लावून उन्हात जाणं, हे कृपया करू नका. बिब्ब्याने कातडी थेट भाजते. बावचीत आणि लिंबाच्या सालीत उन्हाला हळवं करणारीच द्रव्यं असतात. बावची तर कोडावर उन्हासोबत वापरतात ती त्याचसाठी.

सावली बघून वेळ ठरवा

मोबाइलवर हवामानासोबत यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, दिसतो. ३ च्या पुढे काळजी घ्यायची, ११ च्या पुढे तो टोकाचा मानतात. पण शेतात मोबाइल बघत कोण बसतं? आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर किरणांचा जोर आहे, मोठी असेल तर कमी आहे.

खानदेश साधारण २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास. त्या दिवसांत मधल्या वेळी सावली पायाखालीच जाते. मे महिन्यातलं सगळ्यांना कळतं. जुलैतलं कळत नाही, कारण आभाळ भरलेलं असतं, हवा गार झालेली असते आणि निंदणीला सगळे उघड्या हातांनी जातात. ढग पांगले की डोक्यावरचं ऊन मेइतकंच कडक असतं.

आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. मे महिन्यात सावली उंचीपेक्षा लहान असण्याची वेळ साधारण सव्वानऊपासून पावणेचारपर्यंत चालते. म्हणजे "दहाच्या आत घरी आले" हे उन्हाळ्यात पुरेसं नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सावली जवळजवळ उंचीएवढी असते, तेव्हा थोडी मोकळीक मिळते.

सकाळी सांधे आखडलेले असतात, ही आपली खरी अडचण. लोक म्हणतात पहाटे उठून कामं उरका. आमवाताच्या माणसाची बोटं पहाटे पाचला वळत नाहीत. म्हणून घरच्यांशी सरळ बोलून कामं वाटून घ्या. पहाटेचं वेचणीचं, खुरप्याचं काम दुसऱ्याने करावं, तुम्ही सावलीतलं किंवा साडेचारनंतरचं घ्यावं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलात तर झोका निंबाच्या दाट सावलीत बांधायला सांगा, आणि तिथेही हात झाकलेले ठेवा, कारण झाडाखाली थेट ऊन नसलं तरी उघड्या आभाळातून विखुरलेले किरण येतच असतात.

वाळवणांचं वेगळं सांगायला हवं. बिबड्या, कुरडया, पापड यांचा सगळा खटाटोप मार्च ते मे चालतो आणि नेमका मधल्या वेळी गच्चीवर चालतो. घोटणं, लाटणं, साच्यातून कुरडई पाडणं हे घरात बसून करा, सांधे साथ देतील तेवढंच. गच्चीवर नेऊन घालणं आणि दुपारी उलटणं हे काम सुनेला, मुलाला, नवऱ्याला द्या. जावंच लागलं तर हे लक्षात असू द्या की पांढऱ्या धोतरावर आणि फिक्या रंगाच्या गच्चीवर वाकून काम करताना काही किरण उलटून खालून हनुवटीवर, गळ्यावर येतात. तिथे छत्री कामाची नाही.

कपडे: खरं संरक्षण इथे आहे

मी कपड्यांना सनस्क्रीनच्या वर ठेवते. कपडा पुन्हा पुन्हा लावावा लागत नाही आणि घामाने वाहून जात नाही. कपडा उजेडासमोर धरून बघा. पलीकडची खिडकी दिसत असेल तर किरणही आत येणार. पांढरं पातळ मलमल थंडावा देतं पण अडवत फारसं काही नाही, आणि घामाने ओलं झालं की त्याहून कमी. घट्ट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड बरं. ते गरम होतं हे खरं, म्हणून ते सैल शिवा.

कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. त्यापेक्षा चांगली युक्ती मला आजवर सापडलेली नाही. बाह्या मनगटापर्यंत येतात, कॉलर उभी केली की मान झाकते आणि गुंड्या पुढे असल्याने आखडलेल्या खांद्यांनीही तो चढवता येतो. बारीक गुंड्या लावता येत नसतील तर त्यांच्या जागी चिकटपट्टी शिवून घ्या.

पुरुषांनी टोपीवर भरवसा ठेवू नये. गांधी टोपीने कान, मान, गाल काहीच झाकत नाही. त्यावरून उपरणं घ्या आणि त्याचं एक टोक मानेवर सोडा. डोक्यावरून पदर घेणाऱ्यांचं कपाळ आणि गाल उघडे राहतात, तेवढा पदर पुढे ओढा. छत्री उत्तम, पण मनगट दुखत असेल तर दहा मिनिटांत खाली येते. अशांनी रुंद काठाची सुती हॅट घ्यावी, लोक बघतील तर बघू द्यावं.

स्कूटीवर जाताना तोंडाला स्कार्फ गुंडाळणं आपल्या मुलींनी कधीच आत्मसात केलं आहे. राहतो तो हाताचा पंजा. हँडलवर धरलेल्या हाताची पाठ सरळ आभाळाकडे असते आणि आमवाताची सूजही तिथेच असते. सैल सुती हातमोजे घ्या, एक माप मोठे, म्हणजे सुजलेल्या गाठींवरून ओढताना त्रास होणार नाही. पायांत पट्ट्यांच्या चपलेऐवजी पाऊल झाकणारं मऊ पादत्राण घ्या. डोळ्यांना यूव्ही-४०० लिहिलेला गॉगल घ्या.

एसटीत किंवा रेल्वेत बसायची जागा निवडता आली तर निवडा. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो. जळगावहून धुळ्याला किंवा भुसावळहून सुरतेकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना, उजव्या हाताच्या खिडकीला ऊन कमी येतं. परतताना डाव्या हाताची बघा.

सनस्क्रीन: उरलेल्या जागांसाठी

चांगलं सनस्क्रीन महाग असतं. म्हणून जे कपड्याने झाकलं जात नाही तेवढ्यालाच लावा: चेहरा, कान, गळ्याचा पुढचा भाग, हाताची पाठ. पाकिटावर दोन गोष्टी बघा. एसपीएफ किमान ३०, हा आखूड किरणांचा हिशोब. आणि 'पीए' या अक्षरांपुढे किमान तीन अधिकची चिन्हं, हा लांब किरणांचा हिशोब. आपल्याला दुसरा जास्त महत्त्वाचा, आणि लोक तोच बघत नाहीत.

तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम चेहऱ्याला आणि गळ्याला लागतं. त्याहून कमी लावलं तर पाकिटावरचा आकडा खरा ठरत नाही. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, घामात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. झाकण फिरवायला त्रास होत असेल तर पंपाची बाटली मागा.

आपली कातडी सावळी आहे म्हणून सुरक्षित आहोत असं धरू नका. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. आग होते, खाज येते, मग काळपट किंवा जांभळट चट्टे उमटतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत.

एवढं झाकून घेतल्यावर ड जीवनसत्त्वाची काळजी वाटते, आणि ती रास्त आहे, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना, कारण हाडं ठिसूळ होतात. पण त्यासाठी उन्हात बसू नका. रक्ततपासणी करून डॉक्टर गोळी किंवा पुडी देतात. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा असते, रोज नाही.

पाणी, आणि मूत्रपिंडं

शरीरातलं पाणी कमी झालं की मेथोट्रेक्सेट बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याचा विषारी परिणाम वाढू शकतो. वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी असं त्रिकूट चालू असेल तर कडक उन्हाळ्यात मूत्रपिंडांवर मोठा ताण येतो. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं घेत राहा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं हे विचारून घ्या. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा की कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या. दोन दिवस वाट बघू नका.

उठलंच तर

उन्हामुळे झालेलं पुरळ त्याच्या सीमेवरून ओळखता येतं. ब्लाउजच्या बाहीच्या काठाशी ते थांबतं. पाऊल बघा: चपलेच्या पट्ट्याखालची कातडी जशीच्या तशी, आजूबाजूची मात्र तापलेली, चट्टे पडलेली. हनुवटीखाली, कानामागे बहुधा काही नसतं. कधी ते काही तासांत उठतं, कधी एक-दोन दिवसांनी. पुरळ झाकलेल्या भागावर, पोटावर, मांड्यांवरही असेल तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो.

सावलीत या. गार पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं ठेवा, बर्फ थेट लावू नका. कॅलामाइन चालतं. फोड फोडू नका. मेडिकलमधून विचारून आणलेली मिश्र मलमं लावू नका, त्यांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं आणि चेहऱ्याची कातडी त्याने कायमची बिघडते. उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण तपासणीची तारीख येईपर्यंत चट्टे उतरलेले असतात.

गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, सोबत केस गळणं, तोंडात फोड, असं असेल तर ते गोळीचं नसून ल्युपसचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना जरूर सांगा.

अंगभर फोड, कातडी सुटणं, ओठ आणि तोंड सोलवटणं, डोळे लाल होऊन आग होणं, सोबत ताप: यांत घरी थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं, गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन. तसंच उन्हातून आल्यावर माणूस बरळू लागला, अंग तापून पेटलं, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

पुरळ उठलं म्हणून मनाने सगळ्या गोळ्या बंद करणं हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. आमवात उसळला की बोटं वाकडी होतात आणि वाकडी झालेली बोटं गोळीने सरळ होत नाहीत. अनेकदा एका वेदनाशामकाचा बदल पुरतो.

गोळ्यांनाही ऊन लागतं

पाकिटावर बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तसं कधीच नसतं. धाब्याच्या घरातली आतली खोली असेल तर गोळ्या तिथल्या कपाटात ठेवा. स्कूटीच्या डिकीत क्षणभरही नको. फ्रिजमधलं इंजेक्शन असेल तर २ ते ८ अंश हवेत. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. जळगाव किंवा नाशिकहून आणायचं असेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी आणि मधे कापडाची घडी ठेवा, म्हणजे इंजेक्शन गोठणार नाही. गोठलेलं वापरू नका.

पुढच्या तपासणीला जाताना

यादी, फोटो आणि पुरळ आलं त्या दिवशी काय केलं याची दोन ओळींची नोंद न्या. तुम्ही शेतात किती तास असता ते डॉक्टरांना आपणहून सांगा. शहरातल्या डॉक्टरांना त्याचा अंदाज येतोच असं नाही, आणि तो आल्यावर औषधाची निवड बदलू शकते. आमवातासाठीच दिली जाणारी बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबची गोळी चालू असेल तर वर्षातून एकदा त्वचा तपासून घ्यायची का, तेही विचारा. पुरळ उठलं तर किंवा जुलाब लागले तर फोन कुणाला करायचा, कोणती गोळी कुणाला विचारून थांबवायची, हे तिथेच ठरवून घ्या आणि तो नंबर चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.